सुपावरचं तोंड

सुखदेव, तुझ्या मागच्या खोलीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. तू जाऊन सतरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला खुर्च्या उचलून घेऊन गेला. मग तुझ्या लेकीने, पल्लवीने, माझ्या हातात एक दोनशे पानी वही दिली. "काका, आत काय काय आहे ते तुम्हीच लिहून देऊ शकता. मला तर सगळीकडे नुसते राक्षस दिसतात." तिची नागपूरची बँकेची सुट्टी रविवारी संपते, त्याआधी तिला यादी हवी. म्हणून चार दिवसांपासून मी सकाळी जेवून येतो, तुझ्या त्या लंगड्या स्टुलावर बसतो आणि लिहितो. लिहिणं कमी, बसणंच जास्त होतं. दमलो आहे रे. साठी उलटलेल्या पेंटरला एवढं लिहायची सवय नसते, आणि तुझं अक्षर वाचायची तर कोणालाच नव्हती.

पहिल्या दिवशी कॉमिक्स घेतल्या. खताच्या पोत्याच्या आत जे पातळ प्लास्टिक निघतं ते कापून, मेणबत्तीवर कडा चिकटवून, तू एकेकीला पिशवी केली होतीस. शहरातले संग्रहवाले कसले कसले कागद वापरतात म्हणे. तुझ्या पिशव्यांना अजून युरियाचा वास येतो. मी राक्षसांचे प्रकार पाडत गेलो. एकडोळ्या, कवटीवाला, झाडातून निघणारा, आरशातून निघणारा, विहिरीतून निघणारा. विहिरीतून निघणारे अकरा निघाले. जन्मभर हातपंपाच्या भोकात डोकं घालून बसलेल्या मेकॅनिककडे तेच जास्त असायचे, असं मनात आलं आणि मी एकटाच हसलो. हसताना शेजारी तू नाहीस हे कळायला जरा वेळ लागला.

बाकीचं तर विचारू नकोस. फिरत्या टॉकीजमधल्या भुतांच्या सिनेमांचे फोटो, ट्रकच्या मागे नजर लागू नये म्हणून लावतात ते काळ्या पत्र्याचे चेहरे, आगपेट्यांवरचे दैत्य, जत्रेतले रबरी मुखवटे, त्यातले दोन उन्हाळ्यात वितळून एकमेकांना चिकटलेले. पंचायत समितीची नोकरी तू याच्यासाठीच केलीस असा मला कायम संशय होता. पंप दुरुस्त झाला की बाया चहा विचारायच्या आणि तू म्हणायचास, "च्या नको मावशी. घरी पोराईची जुनी पुस्तकं पडली हायेत का? राक्षसाची?" त्या बिचाऱ्या तुझ्याकडे बघत राहायच्या. पण देऊन टाकायच्या. तुला नाही म्हणणं जमत नसे कोणाला.

राक्षसच काहून, असं मी तुला एकदाच विचारलं होतं. कोंढ्याच्या बाजारात मी एका किराणा दुकानाचा बोर्ड रंगवत होतो आणि तू शिडी धरून उभा होतास. तू म्हणालास, "माह्या आज्याले दंडारीच्या नाचात देवाचा मुखवटा कोणी लावू देला नाही. राक्षसाचा मात्र हातात आणून देत. तो म्हणे, राक्षस आपला हाय, त्याले शिवू नको म्हणणारा कोणी नाही." एवढं बोलून तू शिडी हलवलीस आणि माझ्या हातून 'किराणा'चा काना वाकडा झाला. तो बोर्ड पुढे कित्येक वर्षं तसाच होता. नंतर तिथे फ्लेक्स लागला.

मुखवट्यांवरून आपलं जे भांडण होतं ते काही मिटलं नाही. आठवतं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या त्या गावात तू मला मोटारसायकलवर बसवून नेलं होतंस. घरांची कवाडं काढून लोक बैलगाड्यांत भरत होते. दंडारीचा म्हातारा गुरू पडक्या ओसरीत बसला होता, पुढ्यात लाकडी राक्षसांचे सहा मुखवटे. "ने बापा," तो तुला म्हणाला, "नवीन गावात आमाले दोन दोन खोल्या देऊन राहिले. त्यात माणसं मावतीन का राक्षस?" तू ते सहाही मुखवटे दुपट्ट्यात गुंडाळलेस आणि घरापर्यंत मी ते मांडीवर धरून आलो. रंग उडालेला, एकाचं नाक झिजलेलं. मी म्हटलं, दे, आठ दिवसांत नवेकोरे करतो. तू माझ्यावर असा ओरडलास की तुझी म्हातारी आई बाहेर आली.

"कायले रंगवतं बे? जो घालून नाचला त्याचा घाम हाय त्याच्यात."

"घाम कोणाले दिसते? लोकाईले भंगार दिसते."

"दिसू दे भंगार."

मी पेंटर, जुनं दिसलं की माझा हात शिवशिवतो. तू मेकॅनिक असून जुन्याला हात लावू देत नव्हतास. हे उलटं कसं झालं ते मला अजून उमगलेलं नाही. काल ते सहा मुखवटे यादीत लिहिले. शेऱ्यात 'रंग उडालेला' असं लिहिलं, मग खोडून 'मूळ रंग' लिहिलं. बस, तू जिंकलास.

आता जे लिहायचं राहिलं आहे त्याकडे येतो. चार दिवस त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

तुझ्या संग्रहातली पहिली वस्तू कॉमिक नव्हती. ती होती माझ्या हातचं बडग्याचं तोंड. आपण दहावीला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीला, सकाळी गावाबाहेर नेऊन जाळायचा बडग्या गल्लीतली पोरं करत होती. धानाच्या तणसाचं अंग, कोणाच्या तरी फाटक्या शर्टाचे हात. तोंड करायला मी आईचं फुटकं सूप पळवलं, त्यावर कागदाचा लगदा चढवला, चुना आणि काजळी लावली. तू समोर कोणाची तरी मागून आणलेली कॉमिक उघडून धरली होतीस, कव्हर नसलेली, आणि मी त्यातल्या राक्षसाचे तीन डोळे सुपावर उतरवत होतो. जीभ रंगवायला लाल रंग संपला, तेव्हा तू आमच्याच गोठ्यातून बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा आणलास. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं चित्र, जे बघून कोणीतरी खरंच दचकलं. शेजारच्या धोंडूची आई दचकली होती.

सकाळी सगळे ओरडत, डबे वाजवत शिवेवर गेलो. ताप, खोकला, डास, ढेकूण, जे काय गावाला छळतं ते सगळं त्याच्यावर लादून त्याला पेटवायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. पेटवायच्या आधी तू धावत पुढे झालास, बडग्याचं तोंड ओढून काढलंस आणि सूप काखेत मारून धानाच्या बांधावरून पळालास. बडग्या बिनतोंडाचा जळला. गावाने मग तुला बोल लावायचं बाकी ठेवलं नाही. मारबतीच्या दिवशी बाहेर टाकलेली पीडा कोणी घरात आणतं का? तुझे बाबाही चिडले, पण वेगळ्या कारणाने. ते म्हणाले, आपण दीक्षा घेऊन हे सगळं सोडलं आणि तू परत घरात आणून राहिला? तू दोघांनाही एकच उत्तर दिलंस. "मोऱ्यानं काढलं हाय ते. जाळाले देणार नाही."

मोरेश्वरचा मोऱ्या तूच केलास आणि पेंटरही तूच केलास, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आपल्याकडे असलं तोंडावर बोलायची रीत नाही. आता बोलतो आहे. ते सूप तुझ्या भिंतीवर टांगलेलं होतं म्हणून मला वाटत राहिलं की आपल्या हातात काहीतरी आहे. फ्लेक्स आले, बोर्ड गेले, दंडारीच्या पडद्यांची कामं गेली. घरात हिशेब जुळेना, तेव्हाही तुझ्या खोलीत येऊन मी त्या तीन डोळ्यांकडे बघायचो आणि थोडा ताठ होऊन घरी जायचो.

तेच मी जाळलं.

गेल्या पोळ्याला तुझं डायलिसिस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून दोनदा तू आणि वहिनी पहाटेच भंडाऱ्याला निघायचात, घराची किल्ली माझ्याकडे देऊन. पोळ्याच्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. पुरणपोळी ताटात तशीच पडली होती आणि तुझे पाय सुजले होते. तू सहज बोलल्यासारखं म्हणालास, "माह्या मागं हे सगळं तूच पाहाजो, मोऱ्या." मी हसून काहीतरी उडवाउडवी केली. त्याच सकाळी पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं होतं, मारबतीचं तोंड घरात ठेवल्यावर दुसरं काय होईन. चाळीस वर्षांवर मी हे बोलणं ऐकत होतो, आणि बोलणाऱ्याची टिंगल करत होतो. त्या दिवशी टिंगल सुचली नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी नाही, माझ्या बायकोने नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही भंडाऱ्याला गेल्यावर मी खोली उघडली, सूप खिळ्यावरून काढलं, सिमेंटच्या पोत्यात घातलं आणि शिवेवर गेलो. पोरं बडग्या जाळून परत फिरली होती. निखारे होते. मी वाळलेली तणीस टाकली, वर सूप ठेवलं. बांबूच्या कामट्यांनी लगेच पेट घेतला. डोळे गेले. जिभेचा रंग ऑइलपेंटचा, तो फुगला आणि मग काळा झाला. मी तोंडाने काही म्हटलंही, सुखदेव. तुझं नाव घेऊन म्हटलं. साठ वर्षांचा माणूस, हातात काठी घेऊन सुपाशी बोलतो आहे. लाज वाटत होती आणि तरीही बोलत होतो. मागे वळून न बघता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "सूप कुठं गेलं?"

मी म्हणालो, "उधई लागली होती मागून. बाकीच्याले लागन म्हणून फेकलं."

एवढंच बोललो. खोटं बोलायची तयारी करून आलो होतो, तुझा राग झेलायचीही. तू रागावलाच नाहीस. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालास, "मंग सगळंच काढून पाहा लागन."

उधईचं, म्हणजे वाळवीचं, नाव घेताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. संग्रह करणाऱ्या माणसापुढे मी उधई म्हटलं होतं. तू दुसऱ्या दिवसापासून खोली रिकामी करायला घेतलीस. ज्या हातात सुया टोचत त्या हाताने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून दुसऱ्या हाताने. एकेक ट्रंक अंगणात, एकेक कॉमिक पिशवीतून बाहेर, उन्हात, पान न् पान उलटून. ऊन गेलं की परत आत. भाद्रपदातला पाऊस मध्येच यायचा आणि वहिनी, मी, तू, तिघे धावायचो. वहिनी ओरडून ओरडून थकल्या. तू कपाटांच्या पायांना रॉकेलचे बोळे बांधलेस, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला पसरलास. धाप लागली की पायरीवर बसायचास, घोटभरच पाणी प्यायचास, कारण तेही मोजून होतं. बारा दिवस चाललं. आणि मी रोज तुझ्या शेजारी बसून, चष्मा लावून, नसलेली उधई शोधत होतो.

बाराव्या दिवशी तू शेवटची ट्रंक बंद केलीस. घामाने शर्ट ओला झाला होता, चेहरा मात्र उजळलेला. "एक बी नाही रे, मोऱ्या. येळेवर फेकलं तू म्हणून वाचलं सगळं." मग जो येईल त्याला तू तेच सांगत सुटलास. डायलिसिसच्या खुर्चीवर शेजारच्या पेशंटला सांगितलंस. मोऱ्यानं स्वतःचं पहिलं चित्र फेकलं अन् माहा पूरा खजिना वाचवला. मी तिथेच उभा असायचो. लोक माझ्याकडे बघायचे.

सांगणार होतो. खूप वेळा सांगणार होतो. भंडाऱ्याच्या रस्त्यावर वहिनींच्या ऐवजी मी सोबत असायचो तेव्हा, वैनगंगेच्या पुलावर गाडी आली की ठरवायचो, पूल संपायच्या आत बोलू. पूल काही फार लांब नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "काही सांगून राहिला का?" मी म्हणालो, "काही नाही. फॅन कमी करू का?" तू मान हलवलीस. मी उठलो आणि फॅन कमी केला.

तू गेलास याचा मला राग आहे, आणि त्याच्या आत थोडा आराम आहे, की आता तुला कळणार नाही. हा आराम मला सहन होत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पल्लवीने माइक हातात घेतला. वडिलांविषयी बोलली, चांगलं बोलली, न रडता. शेवटी म्हणाली, बाबांचा संग्रह आज आपल्यासमोर आहे तो मोरेश्वर काकांमुळे. टाळ्या वाजल्या. भंतेजींनीही माझ्याकडे बघून मान डोलावली. वर परवा तिने मला खोलीसाठी एक बोर्ड रंगवायला सांगितला. वर तुझं नाव, खाली 'जतन' असं लिहून माझं. फ्लेक्स नको काका, तुमच्या हातचाच हवा, म्हणाली. मी पाटी घासून पांढरा हात मारला, तुझं नाव रंगवलं. 'सुखदेव' लिहिताना हात जराही हलला नाही. खालच्या ओळीशी ब्रश नेला आणि तो परत डब्यात ठेवला.

मग वहीत शेवटची नोंद केली. 'बडग्याचं तोंड, सुपावर, तीन डोळे. आता नाही. उधई लागली नव्हती. मोरेश्वरने पोळ्याच्या पाडव्याला जाळलं.' ही वही पल्लवीच्या हातात पडण्याआधी वहिनींना सांगायला हवं होतं.

काल दुपारी सांगितलं. त्या अंगणात सुपात लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. सगळं सांगितलं. पानठेल्यावरचं बोलणं, निखारे, उधईचं खोटं, त्या बारा दिवसांत मी गप्प बसून राहिलो तेही. त्यांचा हात डाळीतून फिरतच होता.

"पूरं जळलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पूरं."

खडे त्या एका बाजूला सारत होत्या.

"त्या महिन्यात त्याइले भूक लागून राहिली होती," त्या म्हणाल्या. "दोन दोन पोळ्या खात होते."

"ते औषध बदललं होतं, वहिनी."

"हो. औषधच असन."

मला वाटलं आता त्या उठून आत जातील आणि माझ्यासाठी या घराचं दार बंद होईल. तीस वर्षं तुझ्यासोबत राहिलेली बाई, विहारात पहिल्या रांगेत बसणारी. घरात लिंबू-मिरची लटकवू दिली नाही तिने कधी, आणि शेजारणीने तुझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायचं काढलं तर तिला हाकलून लावलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"मले सांगतलं असतं तं मी बी आली असती, भाऊजी."

सुखदेव, आता रागवायचं असेल तर आम्हा दोघांवर रागाव.